रॉकेलचा वास

मोझेलकाठ, जर्मनी
७ मार्च १९९६

ती. बाबांस,
आभाचा शि. सा. न., नाक मुठीत धरून.

आनंदाची बातमी : तुमचे भाकीत खरे ठरले. वाइन पारखण्याच्या परीक्षेत मी नापास झाले. सहा पेले वयाच्या क्रमाने लावायचे होते. त्यांतल्या तीन पेल्यांना रॉकेलचा वास आला, म्हणून मी इमानेइतबारे लिहिले, भेसळ, जप्त करावी. ती निघाली वीस वर्षे मुरलेली रीसलिंग. इथली ही पांढरी वाइन जुनी झाली की तिला तसाच वास येतो, आणि लोक त्यावर जीव टाकतात. पुस्तकात हे वाचले होते, पण नशाबंदी खात्यातल्या माणसाची मुलगी पडले ना!

जूनमध्ये शेवटची संधी. ती हुकली की परत बडोदे. एकदा रॉकेल नाकात शिरले की मला पुढचे काही उमगत नाही. तुम्हाला कसे उमगायचे?

तुमच्या रागासकट लोभाची वाट पाहणारी,
आभा

अकोटा, बडोदे
२३ मार्च १९९६

चि. आभास, अ. उ. आ.

तुझा निकाल वाचून ऊर भरून आला. आमच्या खात्यात असतीस तर बढती मिळाली असती! शेजारच्या कांचनबेन विचारतात, बेबी शुं भणे छे? आजवर सांगत होतो, द्राक्षांचे रसायनशास्त्र शिकते. आता सांगेन, रॉकेलचे.

जयवंतरावांनी त्यांच्या औषध कंपनीतली जागा तुझ्यासाठी अजून धरून ठेवली आहे. खरे सांगतो, तू परत यायला हवी आहेस. म्हणून पुढचे लिहिताना हात जड झाला आहे.

लोक दारू रॉकेलच्या डब्यांआड लपवत. नवे शिपाई त्या वासाने गांगरून जात. मी आपल्याच सदऱ्याची बाही हुंगायचो, की नाक ठिकाणावर. मग पुन्हा डब्यांशी. रॉकेल म्हणजे दारातला पहारेकरी. त्याच्याशी हुज्जत घालू नये, आत कोण बसले आहे ते पाहावे. आदल्या दिवशी लसूण वर्ज्य. एक थेंब न पिता ही विद्या मिळते, हे तुझ्या मास्तरांना सांगू नकोस, झीट येईल.

लोभ आहेच, त्याला परवाना लागत नाही.
बाबा

मोझेलकाठ
१६ जून १९९६

ती. बाबांस, शि. सा. न.

पास झाले! बाही इतकी हुंगली की परीक्षकांना सर्दीची शंका आली. रॉकेलच्या मागे जर्दाळू होते, मध होता, शाळेतली ओली पाटी होती. सहाही पेले बरोबर लागले. ही पद्धत कुठली, असे त्यांनी विचारले. मी बडोद्याच्या नशाबंदी खात्याचे नाव सांगितले. तो द्राक्षमळा केवढा आहे, असा त्यांचा पुढचा प्रश्न.

त्यांनीच मला तीन वर्षांची नोकरी दिली आहे. बाबा, तुम्ही गप्प राहिला असतात तर मी घरी आले असते. हे कळते मला, आणि रडू येते.

तुमचीच,
आभा

अकोटा, बडोदे
२ जुलै १९९६

चि. आभास, अ. उ. आ.

अभिनंदन. आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा हे माझ्याकडून शिकावे, असे तुझी आई सकाळपासून दोनदा म्हणाली. जयवंतरावांना नकार कळवला.

एकतीस वर्षे साहेबांनी मला विचारले, किती डबे? वास कसा ओळखलास, हे कोणी विचारले नाही. तू विचारलेस. फार बरे वाटले, पोरी.

आशीर्वाद नेहमीचेच, या खेपेला थोडे जास्त.
बाबा

ता. क. मी पिणार नाही, हे ठरलेले. पण येशील तेव्हा एक रिकामी बाटली आण. रिकाम्या बाटलीला बंदी नाही. धुऊ नकोस.