माहेरच्या नावाचा चेक

आई, आज तुझ्या पैशांसाठी सरकारी कचेरीत जाऊन आले आणि तेव्हापासून डोकं नुसतं भणभणतंय.

मागच्या महिन्यात फर्दापूरचा मामा आला होता, त्यानंच विषय काढला. लग्नाआधी तू चिकलठाण्याला एका कारखान्यात पॅकिंगला होतीस. त्यांनी थकलेला पगार फार उशिरा चुकता केला, तोवर तुझं लग्न होऊन मी शाळेत जायला लागले होते. चेक माहेरच्या पत्त्यावर आला आणि मामा तो घेऊन हर्सूलला आपल्या घरी आला. तो दिवस मला लख्ख आठवतो. दुष्काळाचं वर्ष, तलावाच्या तळाला भेगा पडलेल्या, टँकर आला की गल्लीत मारामाऱ्या. आजूबाजूला मात्र रोज कुठल्यातरी नव्या इमारतीचा स्लॅब पडत होता. त्या बांधकामांना पाणी कुठून मिळायचं कोण जाणे. तू पिठाचे हात पदराला पुसतेस, चेक उजेडाकडे धरून बघतेस आणि हसतेस. "टाकी बांधू," म्हणतेस, "माझ्या पैशाची."

पण चेक तुझ्या माहेरच्या नावाचा होता. लग्नात बाबांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि त्या दिवसापासून तू आडनावासकट वेगळीच बाई झालीस. बँकेतला म्हणाला, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून आणा, नवऱ्यालाही सोबत आणा. एवढंच काम होतं. आजी म्हणाली, "त्ये नाव आता कशाला उकरून काढतीस? ह्या घरात आलीस तवाच संपलं त्ये." बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "कोर्टात जाऊन बायकोची नावं सांगत बसू का? लोक हसतील मला." मामा म्हणाला, "भाऊजी, लई सोपं काम हाय, मी येतो ना संगं." त्याला कुणी चहासुद्धा विचारला नाही. तू हंडे उचललेस आणि टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिलीस. चेकची मुदत तशीच संपली.

आज कचेरीतला माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, ठरलेल्या मुदतीत हे पैसे कुणी मागितलेच नाहीत, म्हणून कारखान्यानं ते सरकारजमा केले. नियमच आहे तसा." मागितलेच नाहीत! मागणारी बाई पाणी वाहत होती, हे त्याला कसं सांगू? मग त्यानं विचारलं, या बाईशी तुमचं नातं काय? मुलगी, म्हटलं. पुरावा मागितला. माझा जन्मदाखला, तुझा मृत्यूचा दाखला, सगळ्यांवर बाबांनी ठेवलेलं नाव. सरकारी कागदावर त्या जुन्या नावाच्या बाईला मूलबाळच नाही. तो म्हणाला, "मामांचं प्रतिज्ञापत्र आणा, मग बघू."

त्याचा मला राग नाही आला गं. राग बाबांचा आला, आजीचा आला, आणि सगळ्यात जास्त तुझा. माझ्या कॉलेजसाठी तू आठ दिवस घर डोक्यावर घेतलं होतंस. स्वतःसाठी एकदा तरी भांडायचं होतंस ना.

मामा पुढच्या आठवड्यात येणार आहे. घरात सगळे हसतात, त्या पैशात आता रिक्षाचं जाणं-येणंही सुटायचं नाही म्हणतात. हे पत्र पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही. ते इथंच माझ्या वहीत राहील. विचारेल त्याला मी ठणकावून सांगते की प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. तुला म्हणून सांगते, ते खोटं आहे. मला ते पैसेच हवेत. तुझ्या साड्या, भांडी, बांगड्या, जे काही माझ्याकडे आलं ते सगळं बाबांच्या पगारातलं आहे. तुझ्या कमाईचं माझ्याकडे काहीच नाही, आई.