माझ्या जाळीतल्या लाल काकड्या

१७ मार्च

जाळीत पुन्हा लाल समुद्रकाकडी! ही माझी नव्हे. मी अलीकडच्या वाळूत बुड्या मारते, तिथे काळ्याच असतात. लाल राहतात बोयापलीकडच्या खोल खडकात, आणि पंचाहत्तरी उलटलेल्या बाईला तिकडे जायची बंदी. सापडले तर माझा समुद्रच बंद होईल. मग करू काय? घरात बसून मुळे किसू?

कोणीतरी मला अडकवतंय.

१८ मार्च

काकडी चिरली. आत रिकामी! घाबरली की ही बया आतडी ओकते, काही आठवड्यांनी नवी उगवतात. (मला एक गुडघा तरी नवा उगवला असता तर!) म्हणजे कोणीतरी तिला घट्ट मुठीत दाबून आणलं होतं. घाईने. चोरून.

२१ मार्च

मत्स्यखात्याची मुलगी आम्हा बुड्या मारणाऱ्या बायकांच्या शेकोटीपाशी येऊन शिकवून गेली. म्हणे समुद्रकाकडीपेक्षा खडकावरची मोंगे आपणा माणसांची जवळची नातलग. आपण खातो ती फुगीर पिशवी! पिल्लू असताना तिच्या शेपटीत कण्यासारखी दोरी असते, मजेत पोहते. एकदा खडकाला चिकटली की ती दोरी जिरवून टाकते आणि जन्मभर तिथेच.

"अगंबाई, हा तर माझा नवरा!" आमच्यातली इल्सुन म्हणाली. सगळ्या खो-खो हसल्या.

हसताना तिने माझ्याकडे का पाहिलं? धूर न लागणारी जागा माझी आहे, चाळीस वर्षं. माझ्यानंतर तिचाच नंबर.

२२ मार्च

वारा. कोणीच उतरलं नाही. जाळी उशाशी घेऊन झोपले.

२४ मार्च

आज दोन लाल!

इल्सुन आपणहून विचारते, "मावशी, आज बरं गावलं का?" चोराच्या मनात चांदणं. "तुझ्यापेक्षा जास्त," म्हटलं.

२६ मार्च

पकडलं! श्वास रोखून, जाळी लटकते त्या माझ्याच तरंग्याखाली आले. वर इल्सुनचा हात, माझ्या जाळीत लाल काकडी सोडत होता. मनगट धरणार, तेवढ्यात दुसरा हात आला. आमच्या गटाच्या प्रमुखबाईंचा! शंख टाकून गेला. मग आणखी कोणाचा तरी.

मी कोणालाच धरलं नाही. दम संपेपर्यंत खालीच राहिले.

अडकवत नव्हत्या त्या. आमच्यात ज्या बाईचा दम संपत आला तिच्या जाळीत सगळ्या थोडं थोडं टाकतात, बोलत मात्र नाहीत. सासूच्या जाळीत मीही टाकलंय. ही वाटणी माझ्यापर्यंत आली असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

अडकवलं असतं तर परवडलं असतं. फार रडले.

२७ मार्च

जाळी जड निघाली. शेकोटीपाशी मोठ्याने म्हटलं, "बघा गं, अजून माझा दम टिकून आहे!" इल्सुन म्हणाली, "तर काय, मावशी!" आणि डोळे पुसत धुराकडे तोंड करून बसली.