गिधाडाची आई शिवली

४ फेब्रुवारी
नात प्राणिसंग्रहालयातून आली ती थेट न्हाणीघरात! एका गिधाडाला तपासायला धरलं, तर ते तिच्या अंगावर ओकलं. भ्यालं की ओकतात म्हणे. काय बाई ही नोकरी! पण चेहरा लग्नघरासारखा फुललेला — यंत्रात उबवलेल्या अंड्यातून पिल्लू निघालंय.

माझ्या लहानपणी आभाळात गिधाडंच गिधाडं. पुढे गुरांना टोचायच्या औषधानं घात केला — मेलेली गुरं खाऊन तीही मेली. आता मोजकी उरलीत, ती तिथं जपतात, वाढवतात, पुन्हा रानात सोडतात.

मी सांगते, नात लिहिते. मला अक्षर येत नाही, तिला स्वयंपाक. फिटंफाट. (तोंड वाकडं केलं तिनं. हेही लिही म्हटलं.)

५ फेब्रुवारी
मला काम मिळालं! पिल्लाला उघड्या हातानं भरवायचं नाही. माणसालाच आई समजलं, तर जन्मभर स्वजातीत रमायचं नाही, रानात सोडता यायचं नाही. म्हणून हातात गिधाडाच्या तोंडाचा मोजा चढवून भरवतात. जुना फाटलाय. नवी आई मी शिवायची.

८ फेब्रुवारी
शिवली. बोडकी मान बघवेना, म्हणून लोकरीची झालर लावली. नात म्हणाली, "आजी, हिला मिरवायला नाही न्यायचं. टकलीच हवी."
झालर उसवली. यांच्या जुन्या स्वेटरची करडी बाही मानेला लावली. टक्कल यांनाही शोभायचं.

१० फेब्रुवारी
बघायला नेलं. आडोशाला उभं राहायचं आणि ब्र काढायचा नाही, ही अट. पिल्लानं चोच वासली, माझ्या टकलीच्या तोंडातून तुकडा घेतला. ऊर भरून आला! पण तुकडा मोठा होता हो. तोंडून गेलंच — "हळू रे राजा, ठसका लागेल."
पिल्लू खायचं थांबलं. मान वळवून माझ्या आवाजाकडे बघत राहिलं.
नातीनं दंडाला धरून मला बाहेर नेलं.

११ फेब्रुवारी
आवाज त्याच्या मनात बसला असला तर? हाडच नाही माझ्या जिभेला.

२ मार्च
पिल्लू एका बिनपिल्लाच्या जोडप्याच्या घरट्यात ठेवलं. मादीनं आधी टोचून पाहिलं, मग पंखाखाली घेतलं. मीही सुनेला असंच घरात घेतलं होतं. (हे तुझ्या आईला वाचून दाखवू नकोस.)

७ जून
पंख फुटलेत. सोडण्याआधी परीक्षा आहे, आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मलाच बोलावलंय. जाळीपाशी जाऊन तेच शब्द बोलायचे. लाडात जवळ आलं, तर कायमचं पिंजऱ्यात राहील. त्याचं आभाळ माझ्या जिभेपायी अडलंय. नात म्हणते, "तुझा दोष नाही गं." म्हणते खरी, पण नखं खातेय.

९ जून
गेले. "हळू रे राजा," म्हणाले. त्यानं मान वर केली, माझ्याकडे रोखून पाहिलं — आणि ओकलं! जाळीतून थेट माझ्या नव्या चपलांवर. मग पंख फडफडवत पळालं आपल्या आईमागे. नात माझ्या गळ्यात पडून रडली, डॉक्टरीणबाई हसत सुटल्या. असा सत्कार माझा आजवर कुणी केला नव्हता.