पीं वाजलं पाहिजे

२ मार्च, सकाळी ९.२०
आजपासून रोजनिशी. याच कॉम्प्युटरवर, मराठीत टाइप करून. फाइलला नाव दिलंय ‘जुने गॅस्केट – रद्द’. हे नाव वाचून कुणी फाइल उघडली तर मी नाव बदलीन. माझं.

कारण असं. मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पंपांच्या या कारखान्यातलं सुट्या भागांचं भांडार मी बावीस वर्षं सांभाळतोय. चार हजार एकशे वीस प्रकारचे भाग. कुठला कुठल्या कप्प्यात, ते डोळे मिटून सांगतो. साहेब म्हणाले, आता डोळे उघडायची वेळ आलीय. प्रत्येक कप्प्यावर बारकोड हवा. तीस तारखेला हेडऑफिसच्या बाई बघायला येणार. जमलं तर मी भांडारप्रमुख, लेखी. नाही जमलं तर गेटवर एक जागा रिकामी आहे, ‘तितकीच महत्त्वाची’.

गेटवर ट्रकचे नंबर लिहितात. मी हसून दाखवलं.

अठ्ठावीस दिवस. भरपूर झाले.

३ मार्च
बारकोडचा सखोल अभ्यास, साडेअकरा ते बारा. विषय सोपा आहे. काळ्या रेघा आणि मधल्या पांढऱ्या फटी. जाड रेघा म्हणजे जड माल, बारीक रेघा म्हणजे हलका. मौनीला समजावून सांगितलं. मौनी म्हणजे माझा हेल्पर. वय पंचावन्न, दिवसाला सरासरी चार शब्द. त्याने काही न बोलता वॉशरचं पाकीट आणि मोटरचं खोकं माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवलं. वॉशरवरच्या रेघा जास्त जाड निघाल्या.
छापणाऱ्याची चूक.

५ मार्च
स्कॅनर आला. स्कॅनरवाल्याने तासभर डोकं खाल्लं. हा लेझरचा आहे, म्हणे. यातून लाल उजेडाची एक रेघ निघते आणि लेबलावरून सरसर फिरते. पांढऱ्यावरून उजेड परत येतो, काळं तो गिळून टाकतं. किती वेळ उजेड, किती वेळ अंधार, ते मोजून मशीन आकडे ओळखतं. मला हे माहीतच होतं, फक्त या शब्दांत नव्हतं.

दुसरा प्रकार कॅमेऱ्याचा. तो चक्क फोटो काढतो, त्यामुळे चौकोनी ठिपक्यांचे कोडही वाचतो, मोबाइलच्या स्क्रीनवरचेसुद्धा. तो घ्या, म्हणाला. मी नको म्हटलं. चौकोनी ठिपके मला पोरकट वाटतात. जाताना म्हणाला, लेझर आहे एवढं मात्र लक्षात असू द्या. यात लक्षात ठेवण्यासारखं काय आहे?

६ मार्च, दुपारी
पहिलं स्कॅन. बेअरिंगचं खोकं, त्यावर नमुन्याचं काळं लेबल. पीं वाजलं. मन भरून आलं. मग स्क्रीनकडे पाहिलं.
ऴईउ६२०४
तेही या फाइलमध्ये. पुन्हा करून पाहिलं.
ऴईउ६२०४
लेबलावर तर स्वच्छ इंग्रजीत BRG6204 लिहिलंय. व्हायरस. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. स्कॅनर स्पिरिटने पुसला. ऴईउ जाईना.

६ मार्च, संध्याकाळी (घरून परत आलो, भांडाराची किल्ली माझ्याकडेच असते)
मुलीला सहज विचारलं. ती नववीत आहे. म्हणाली, बाबा, तुमचा कीबोर्ड मराठीवर राहिला असेल. कॉम्प्युटरच्या हिशेबी स्कॅनर म्हणजे एक कीबोर्डच. कर्सर जिथे असेल तिथे तो टाइप करतो आणि वर एंटर मारतो. मी म्हटलं, मला ठाऊक होतं, तुझी परीक्षा घेत होतो. तिने विचारलं, ऑफिसात मराठीत काय टाइप करता? म्हटलं, गॅस्केट.

९ मार्च
लेबलांची ऑर्डर छापखान्याला दिली. दोन निर्णय, दोन्ही माझे.
एक: रंग लाल. सगळं लोखंड करडं, त्यावर काळं उठून दिसत नाही. लाल लांबूनही दिसतं.
दोन: प्रत्येक लेबलाच्या दोन्ही कडांना कोरी पट्टी सोडलेली असते. शुद्ध उधळपट्टी. ती कापायला सांगितली.
मौनी म्हणाला, काळं बरं. दोन शब्द होते, ऐकून घेतले.

१४ मार्च
लेबलं आली. काय देखणी आहेत! साठ चिकटवली. साहेबांनी आकडा विचारला, नऊशे सांगितला. उद्यापासून रोज पाचशेचा नियम. नियम झाला की आकडा आपोआप खरा होतो.

१६ मार्च
पीं नाही.
एकाही लेबलावर नाही. जवळून धरलं, लांबून धरलं, तिरकं धरलं. उजेडाची रेघ लेबलावर दिसते आणि स्कॅनर ढिम्म. नमुन्याच्या काळ्या लेबलावर मात्र लगेच पीं. म्हणजे त्याला त्या एकाच लेबलाची सवय लागलीय. बाकीच्यांचीही लावू. मौनीने तासभर लेबलं धरली, मी तासभर स्कॅनर. सवय फक्त मौनीला लागली.

१७ मार्च
स्कॅनरवाला येऊन गेला. एक लेबल हातात घेतलं आणि स्टुलावर बसला. रंग कुणी निवडला, असं विचारलं. म्हटलं, सर्वानुमते.
तो म्हणाला, साहेब, लेझरचा उजेड लाल असतो. लाल रेघेवरून लाल उजेड पांढऱ्यासारखाच परत येतो. तुमचं लेबल तुम्हाला देखणं दिसतं, मशीनला कोरा कागद दिसतो.
चार हजार एकशे वीस कोरे कागद.
मग त्याने विचारलं, कडेची कोरी जागा कुठे गेली? त्या जागेवरून मशीनला कळतं, कोड कुठे सुरू झाला आणि कुठे संपला. मी कुठे संपलो ते मला तिथल्या तिथे कळलं. त्याला चहा पाजला. तेरा दिवस उरलेत.

१८ मार्च
साहेबांना सगळं खरं सांगितलं. म्हणजे, रंगाची निवड खालच्या पातळीवर झाली असं सांगितलं. माझ्या खालच्या पातळीवर मौनी एकटाच आहे, हे खरं. पण तो समजून घेईल. त्याला कुठे गेटवर पाठवणार आहेत?
साहेबांनी त्याला आत बोलावलं. दोन मिनिटांत बाहेर आला आणि कपाट पुसायला लागला. काही बोलला नाही. त्याअर्थी साहेबांनी काही विचारलं नसावं.

२० मार्च
तोडगा सापडला! लाल रेघा काळ्या मार्करने गिरवायच्या. सकाळभर गिरवल्या. एका लेबलाला पंचवीस मिनिटं. या वेगाने एकही सुटी न घेता ऑक्टोबर उजाडेल.
सव्वाबाराला पीं वाजलं. खुर्चीवरून उठलो, मौनीचा हात हातात घेतला. ते पीं माझ्या शर्टाच्या खिशातून डोकावणाऱ्या ऍसिडिटीच्या गोळ्यांच्या पाकिटावरच्या कोडचं होतं.

२३ मार्च
डिस्पॅचवाल्यांच्या हातापाया पडून त्यांचा लेबल प्रिंटर आणला. काळी शाई, कडेला कोरी जागा. मौनी तीन चिकटवतो तेव्हा माझं एक होतं, कारण मी देखरेखही करतो. पाइपच्या गोलाईवर मी आडवी चिकटवलेली वाचली जात नाहीत, कडेच्या रेघा मागे वळून जातात. मौनीने सगळी काढून उभी लावली. एकूण ४१२. साहेबांना ३,९०० सांगितलं.

जेवताना बायको म्हणाली, हल्ली तुम्ही मधूनच पीं करता. मग म्हणाली, गेटवर सावली आहे, खुर्ची आहे, एवढं काय अडलंय तुमचं? तिला सांगता आलं नाही. इथे खिडकीशी माणसं येतात. वैतागलेला फिटर येतो, मी न बघता हात मागे घालून नेमकं सील काढून देतो आणि त्याचा चेहरा खुलतो. बावीस वर्षांत मला येणारी एवढी एकच गोष्ट आहे. ती गेली तर मी कोण, हे मला खरंच माहीत नाही.
हे वाक्य खोडायचं आहे. नंतर.

२७ मार्च
योजना पक्की. काळी लेबलं पहिल्या रांगेत. मागच्या रांगांना लाल. बाईंना लांबून वाटेल सगळं झालंय. दुसऱ्या रांगेच्या तोंडाशी शिडी आडवी लावायची. काही विचारलंच तर ‘रंगकाम चालू’. स्कॅन करायला तीन खोकी टेबलावर मांडून ठेवायची. माझ्या डोक्याला तोड नाही. गोळ्या मात्र संपल्या.

३० मार्च, सकाळी १०.०५
बाई साहेबांच्या केबिनमध्ये चहा घेतायत. खोकी मांडली. शिडी लावली. मन ताळ्यावर यावं म्हणून चार ओळी लिहितोय, मग फाइल बंद, कीबोर्ड इंग्रजीवर, स्टॉकचा प्रोग्राम सुरू. सगळं हाताबाहेर गेलेलं नाही. आज पीं वाजलं पाहिजे, बस. चपलांचा आवाज येतोय. इतक्या लवकर कशा काय आल्या, अजून तर
ऴईउ६२०४
घशझ०३१८
उएख११५०

३१ मार्च (कागदावर, हाताने)
कॉम्प्युटर आता माझ्याकडे नाही.
बाई आल्या त्या सरळ टेबलाशी. मी स्वागताला उठलो, तेवढ्यात त्यांनी स्कॅनर उचलून तिन्ही खोकी स्कॅन केली. तिन्ही वेळा पीं वाजलं, मशीनबद्दल तक्रार नाही. हे काय उमटलंय, म्हणून त्या स्क्रीनवर वाकल्या. मग एक ओळ वर गेल्या. मग आणखी वर. मी सांगितलं, ते गॅस्केट आहेत. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि दोन मार्चपासून वाचलं. साहेब त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. अकरा मिनिटं. गोळ्यांच्या पाकिटाशी बाई एकदा हसल्या, तेव्हा मला जरा आशा वाटली.

अठरा मार्चशी कुणी हसलं नाही. साहेब मौनीकडे वळले. म्हणाले, तू तर मला सांगितलंस की लाल रंग तूच निवडलास.
मौनीने फडकं खाली ठेवलं.
“ह्यांना खिडकी सोडून दुसरं काही येत नाही, साहेब. म्हणून म्हटलं, रंग माझाच.”
तीन दिवसांचे शब्द त्याने एका दमात खर्च केले, तेही माझ्यावर. मला त्या क्षणी भांडारप्रमुख व्हायचं नव्हतं. कुठल्याही कप्प्यात मावलो असतो.
भांडार मौनीकडे. मी उद्यापासून गेटवर.

३ एप्रिल
गेट. सावली आहे, खुर्ची आहे. सकाळपासून नऊ ट्रक.
मौनीची माफी मागायची ठरवलं. वाक्यही तयार केलं: रंग माझा होता आणि नाव तुझं घेतलं, चुकलो. जेवणाच्या सुट्टीत भांडाराच्या खिडकीशी गेलो. चार जण होते, त्यांच्या मागे उभा राहिलो. बाहेरून ती खिडकी बरीच उंच आहे. मौनी न बोलता खोकं काढत होता, स्कॅनर धरत होता, देत होता. रांग भराभर सरकली, मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच भराभर.
माझा नंबर आला. मौनीने वर पाहिलं. तो थांबला होता, मी बोलेन म्हणून.
मी म्हटलं, एक बॉलपेन दे.
पीं वाजलं. त्याने पेन दिलं. मागच्या फिटरने माझ्या खांद्याला हात लावून मला हळूच बाजूला केलं.