सात नंबरची तार

सोमवार, ३
एकदाची बदली झाली आणि क्वार्टरही मिळालं. दुसरा मजला, पिवळी बाल्कनी, नळाला दिवसभर पाणी. हिचा चेहरा असा खुलला की प्रवासातली तिन्ही भांडणं माफ. आमच्या पाच वर्षांच्या ठमीने रिकाम्या खोल्यांत ओरडून स्वतःचाच आवाज ऐकत सकाळ काढली. लष्कराचा डेपो समोरच, मोठ्या मैदानापलीकडे. दुपारी डुलकी काढायला घरी टपकायचं नाही, असं हिने आधीच बजावलंय.

बुधवार, ५
माझं काम रणगाडे फोडणाऱ्या गाड्यांच्या दुर्बिणी तपासणं. टपावर क्षेपणास्त्राच्या चार नळ्या, आत दुर्बीण. क्षेपणास्त्र सुटलं की त्याच्यामागे केसाएवढी तार उलगडत जाते. नेमबाज दुर्बिणीतली फुली जिथे धरेल तिथे ते जातं. लागेपर्यंत डोळा काढायचा नाही. शेवटच्या टप्प्यात मात्र ते कुणाचं ऐकत नाही, वळत नाही. आमचे उस्ताद, म्हणजे इथले सर्वांत जुने मिस्त्री, यांनी एक नियम दोनदा सांगितला: नळ्या रिकाम्या असल्या तरी फुली माणसावर धरायची नाही. मी मान डोलावली आणि सात नंबरच्या गाडीची दुर्बीण जुळवायला आमचीच बाल्कनी निवडली. ही कपडे वाळत घालत होती. दीड किलोमीटरवरून तिच्या दातांत धरलेला चिमटा दिसला. फार बरं वाटलं.

गुरुवार, ६
सात नंबरच्या गाडीच्या एका रिकाम्या नळीतून तार बाहेर आलीय. पुरुषभर उंचीवर, ताठ. दोनशे पावलांवर संपते. टोकाला काहीच नाही, तरी खाली पडत नाही. पक्कड लावली. तुटली नाही. दिशा आमच्या बाल्कनीची.

शुक्रवार, ७
तार आता चारशे पावलं. उस्तादांना दाखवली. ते खाली बसले. म्हणाले, या गाडीचा शेवटचा मारा अर्धवट राहिलाय. क्षेपणास्त्र हवेत असतानाच नेमबाज गेला. ते कुठे पडलं, कुणाला सापडलं नाही. मग मला विचारलं, फुली कशावर धरली होतीस. मी खरं सांगितलं. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवार, ८
सकाळपासून डोळा दुर्बिणीला. कागदाकडे न बघता लिहितोय, अक्षर कोंबडीच्या पायाचं. फुली ओसाड टेकडीवर नेली की तार तिकडे वळते, पण पुढे सरकत नाही. डोळा काढला की पुन्हा घराकडे, आणि झपाट्याने. दोन घोट पाणी प्यायलो तर तीनशे पावलं गेली. हिला आणि ठमीला हिच्या आईकडे पाठवा, असं उस्तादांना सांगितलं. भीती वाटत नाही. काहीच वाटत नाही, याचीच लाज वाटते.

रविवार, ९. सकाळ
उस्ताद आले. दोघींना बसमध्ये बसवून दिलं म्हणाले, बस सुटलेलीही पाहिली. ही खूप बोलली, मग रडली म्हणे. ठीक. हात बधिर. डोळ्यातून पाणी गळतंय, ते रडणं नव्हे.

रविवार. सकाळचे दहा
आता घर रिकामं. म्हणजे संपवता येईल — फुली बाल्कनीवर धरायची, लागू द्यायचं, सुटायचं. भिंती काय, पुन्हा बांधतील. उस्ताद हो म्हणाले. खालच्या मजल्यावरची माणसंही बाहेर काढली.

दहा वीस
फुली बाल्कनीवर. तार सरकतेय. उरलेली पावलं मोजतोय. पंधरा. चौदा. शांत वाटतंय, पहिल्यांदाच —

अकरा. दहा.

बाल्कनीचं दार हलतंय. वारा असेल —

ठमी. खांद्याला पिशवी. मागे ही. बस मध्येच बंद पडली की काय, परत का — फुली टेकडीवर नेली, नेली — तार वळत नाहीये —

पाच. ठमी इकडेच बघत —