जावळ न काढलेली नऊ

चिंचखार, १८ फेब्रुवारी १९९१

चि. महिपतास, बायचे अनेक आशीर्वाद.

वर्तकनगरला खोली घेतलीस आणि बहिणीला विसरलास का रे? खाडीपलीकडे आम्हीपण माणसंच राहतो. इथे जनगणनेचे मास्तर आलेले. सुक्या दिवसांतही बांधावरचा चिखल तुडवत, चपला हातात घेऊन. सरपंच म्हणाले, चौथी शिकलेली बाई तू एकटीच, घरं दाखव. दोन दिवस हिंडले.

एक गोष्ट मात्र मी शहाणपणाने केली. जावळ न काढलेली पोरं लिहू दिली नाहीत. असलं कोवळं लेकरू मोजलं की नजर लागते, आपली आजी सांगायची. नऊ घरांत मीच मास्तरांना सांगितलं की इथे लहान कुणी नाही. आया खूश झाल्या, एकीने मला बोंबील दिले. तुझ्यासाठी ठेवलेत. आमचा रतन आणि माझी नवी सून मालन मजेत आहेत. माया आहे तशी असू दे.

तुझी बाय, सगुणा

वर्तकनगर, ३ डिसेंबर १९९१

ती. बायस, महिपतचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

बोंबील पोचले, तुझी भावजय सरोज एकटीच अर्धे खाऊन बसली. आता वाईट बातमी. ठाण्याच्या कचेरीत रस्त्याची चौकशी करायला गेलेलो. कारकून म्हणाला, पाचशे वस्तीच्या गावांना यंदा पक्का रस्ता, मागून एसटी. चिंचखार यादीत नाही. आकडा चारशे चौऱ्याण्णव. अगं, सहा माणसं कमी! तुझी ती नऊ धरली असती तर? मी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, मोजणी झाली ती झाली, आता दहा वर्षांनी.

रागावू नकोस, पण मालनला दिवस गेलेत असं रतन सांगत होता. तिला इकडे पाठव, इथे दवाखाना हाकेवर आहे. तुझ्या हातचं जेवण कधी मिळणार ते लिही.

तुझा, महिपत

चिंचखार, २० जून १९९२

चि. महिपतास आशीर्वाद.

मधे पत्र लिहायला तोंडच नव्हतं. गावात कुणाला आकड्याचं सांगितलं नाही. बोंबील देणारी अजून मला देवमाणूस म्हणते, मेल्याहून मेल्यासारखं होतं. माझी अक्कल कुठे गेली होती रे?

मालनला पाठवते, पण तिला आई नाही, मला सोडून राहायला घाबरते. दिवस भरायला महिना आहे. पुढच्या आठवड्यात मीच घेऊन येते. सरोजला म्हणावं, गोधड्या धुवून ठेव.

सगुणा

चिंचखार, १४ जुलै १९९२

महिपत,

तू मातीला आलास, पण रडण्यात सगळं सांगायचं राहिलं, ते लिहिते. निघायच्या आदल्या दिवशीच मालनला कळा सुरू झाल्या. ओहोटी होती, होडी गाळात बसलेली. रतनने आणि चौघांनी तिला खाटेवर घालून बांधावरून नेलं. पावसाने बांध दोन ठिकाणी तुटला होता, तिथे खाट डोक्यावर धरली. बाळ अर्ध्या वाटेत, उघड्यावर झालं. सडकेला लागलो तेव्हा ट्रकही थांबला, ड्रायव्हर भला माणूस होता. पण मालनचं रक्त थांबलंच नाही. कल्याणच्या अलीकडेच तिने माझा हात सोडला. शेवटी विचारत होती, मुलगा की मुलगी. मुलगा म्हटलं. ऐकलं की नाही, कळलं नाही.

पोरगं जगलंय. जावळ निघायला अजून वर्ष आहे, पण मी त्याला मोजते. रोज सकाळी मोजते. नजर लागायची ती लागून गेली. एक आला, एक गेली, तुझ्या कारकुनाचा आकडा तेवढाच राहिला बघ.

बाळ घेऊन कायमची ये म्हणतोस. जीव खूप ओढतो रे. पण आम्ही आलो तर पुढच्या मोजणीत आणखी दोन कमी भरतील. अजून नऊ वर्षं आहेत. तोवर बसते.

या बहिणीवर माया ठेवशील ना?

बाय