टोपली उचलताना

१० फेब्रुवारी १९८५, रविवार. मुलुंड
बहिणीचा रत्नाकर आला होता. भुताच्या सिनेमात सहायक आहे, या वेळी सुरुवातीचा प्रसंग त्याच्यावर सोपवलाय. घावणं खाऊन झाल्यावर मुद्द्यावर आला. "मावशी, काका गेले तेव्हा तू दिव्याजवळ पीठ पसरून वर टोपली झाकली होतीस ना? माणूस ज्या जन्माला गेला त्याचं पाऊल सकाळी पिठात दिसतं म्हणतात. सिनेमा तिथून सुरू करायचाय. तुझ्याच स्वयंपाकघरात."
विचार करून सांगते म्हटलं.

१२ फेब्रु.
त्या सकाळी मला चिमणीचं पाऊल दिसलं होतं. शेजारच्या सुशीलावहिनी म्हणाल्या, झुरळ फिरलं असेल. असेना. तीन वर्षं माझं त्या चिमणीवर बरं चाललंय. तिची भीतीची गोष्ट केली तर ती माझ्याकडे तशीच राहील का, एवढंच.
रत्नाकरला हो कळवलं. पोराचं पहिलंच स्वतःचं काम.

१७ फेब्रु.
वाचनालयातून सिनेमावरचं पुस्तक आणलं. भीती घालायची तर वस्तू उशिरा दाखवावी, आधी ती बघणाऱ्याचा चेहरा. आवाज वाढवण्यापेक्षा चालू असलेला आवाज थांबवावा.
हे खरं. ह्यांची घरघर थांबली तेव्हाच मला जाग आली होती.

२४ फेब्रु.
शूटिंग. भर सकाळी खिडक्यांना काळा कागद लावून रात्र केली. कॅमेरा जमिनीलगत, त्यामुळे माझी लसणाची टोपली डोंगराएवढी. नळाचं ठिबकणं वेगळं टेप केलं, बाईचा हात टोपलीला लागला की ते थांबणार. नटी गोड पोरगी, पण उचलायला किती वेळ. सुशीलावहिनी दारातून, "अगं, तोवर भात करपेल." सगळे हसले, पुन्हा घ्यावं लागलं.
मी म्हटलं, "मी पटकन उचलली होती रे. कोण आलंय बघायला. आनंद झाला होता मला."
"पटकन उचलली तर भीती कुठून येणार मावशी? थांबण्यातच आहे ती."
बरोबर आहे त्याचं. तरी जाता जाता एकदा माझ्यासारखंही घेतलं. माझं मन राखायला, दुसरं काय.

८ मार्च
अंधेरीला एका लहानशा थिएटरात दोन्ही तुकडे बघितले. पहिल्यात ठिबकणं थांबलं आणि मानेवर काटा आला. घर माझं, टोपली माझी, तरी. मजा वाटली, जत्रेतल्या पाळण्यासारखी.
दुसऱ्यात पोरगी झटकन टोपली उचलते, खाली बघते, कुणी ओळखीचं भेटावं तशी हसते. पीठ दिसतच नाही. संपलं. मग संकलन करणारा म्हणाला, "बापरे. ती हसली कशाला?"
मला भीती नाही वाटली. अशी दिसत होते तर मी.

९ मार्च
सुशीलावहिनींना सांगितलं. "म्हणजे तू हडळ ठरलीस म्हण की." दोघी हसलो. त्या गेल्यावर थोडं लागलं.
चिमणी मात्र आहे तशीच. ती धास्ती गेली.

१५ मार्च
रत्नाकर खालून हाक मारून वर आला, बसलाही नाही. "दुसरा तुकडा लावला तर थिएटर भीतीने गार पडेल मावशी. पण तो तुझा आहे. नको म्हणालीस तर कापून टाकतो, वर दिग्दर्शकाला कळणारही नाही." उत्तर न्यायला रविवारी येतो म्हणाला. डोळे वर करेना. हवाय त्याला, दिसत होतं.

१६ मार्च
एवढी माणसं अंधारात बसून माझ्या आनंदाला घाबरणार. नको वाटतं.
मग वाटतं, त्यांत एखादी बाई असेल, घरी तसंच पीठ पसरलेली. सगळे डोळ्यांवर हात घेतील तेव्हा ती एकटी बघत राहील. तिच्यासाठी तरी...
उद्या रत्नाकर येईल. अजून ठरत नाही.